चार पॉइंट दोन

“ताई, पंप बंद केलाय. आता स्क्रीन बघा,” काका म्हणाले.

स्क्रीनवर ४.२ होतं. म्हणजे तासाला ४.२ घनमीटर सांडपाणी प्रक्रिया होऊन बाहेर चाललंय. मी मोटारीच्या अंगावर हात ठेवला. ती थांबलेली होती, जराही थरथर नव्हती. तिथून केबलच्या ट्रेखालून चालत बाहेरच्या पाइपपाशी गेले. फ्लो मीटरच्या छोट्या काचेत ०.० दिसत होतं. परत आत आले, तर स्क्रीनवर ४.२ तसंच. मीटर एक सांगत होता, स्क्रीन दुसरंच, आणि दोघांच्या मध्ये साठेक मीटर लांबीची दोन तारांची केबल.

काकांनी त्यांचं रजिस्टर पुढे केलं. दर तासाला रीडिंग लिहून ठेवणं हे सांडपाण्याच्या प्लांटवरच्या ऑपरेटरचं काम. चार दिवसांची पानं मी भराभर उलटली. दिवसपाळीच्या अक्षरात ४.२, रात्रपाळीच्या अक्षरातही ४.२. रात्री दोनला, पहाटे पाचला, जेवणाच्या सुट्टीत पंप बंद असतानासुद्धा ४.२.

“मला कालच शंका आली होती,” ते म्हणाले, “पण स्क्रीनवर दिसेल तेच लिहायचं, असं सांगून ठेवलंय आम्हाला.”

मानकिवली एमआयडीसीतली ती एक छोटी केमिकल कंपनी. सकाळचे साडेनऊ वाजले होते. साइटवर एकटीने जायची माझी ती पहिलीच वेळ. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून मी बदलापुरातल्या एका पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागले, त्याला चार महिने झाले होते. या चार महिन्यांत तारा सोलल्या, लग दाबले, फेरूलवर नंबर घातले, ड्रॉइंगप्रमाणे टर्मिनल आवळले. तारेतून नेमकं काय वाहतं, याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती. सर दुसऱ्या कामासाठी तारापूरला गेले होते. “साधी कम्युनिकेशनची तक्रार आहे, जाऊन बघून ये,” एवढंच त्यांनी सांगितलं. लॅपटॉप, मल्टिमीटर, दोन केबली आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच घेऊन मी निघाले.

मी राहते बदलापूर गावात. बाहेरच्या माणसाला बदलापूर म्हटलं की स्टेशन आठवतं. स्टेशन खरं तर कुळगावात आहे. आमचं जुनं गाव रुळांच्या पश्चिमेला, उल्हासच्या बाजूला. आजी अजून सांगते की तिच्या लग्नानंतर कित्येक वर्षं घरात नदीचंच पाणी यायचं, हंड्याने आणि डोक्यावरून. आज बदलापूरच्या नळाला येणारं पाणीही त्याच नदीतून उचलून शुद्ध केलेलं असतं. त्यामुळे एखाद्या कारखान्यातून किती सांडपाणी बाहेर पडतं हा आकडा माझ्यासाठी नुसता कामाचा आकडा नाही. तो चार दिवस चुकीचा लिहिला जातोय हे कळल्यावर मला मनापासून वाईट वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण तो दुरुस्त करायला आलेली मी होते.

सगळ्यात आधी मी पीएलसी, म्हणजे पॅनेलमधला सगळं चालवणारा छोटा संगणक, बंद करून चालू केला. घरातला टीव्ही किंवा मोबाइल अडकला की आपण हेच करतो. स्क्रीन काळी झाली, पुन्हा उजळली आणि ४.२ पुन्हा येऊन बसलं. मला हायसं वाटलं. बंद करून चालू केल्यावरही आकडा येतोय, म्हणजे मीटरशी बोलणं चालू आहे, असं मी धरून चालले. इथेच माझी पहिली फसगत झाली. पीएलसीतल्या काही जागा वीज गेली तरी शेवटचा आकडा जपून ठेवतात. हा आकडाही तशाच जागेत ठेवलेला होता. मीटरने नवं काही पाठवलं नव्हतं. पीएलसी आपल्याच आठवणीतलं दाखवत होता.

मग मी लॅपटॉप जोडायला घेतला. पीएलसीच्या पोर्टला नऊ पिना होत्या आणि माझ्याकडे नऊ पिनांची केबल होती. दोन्हींची तोंडं एकमेकांत बरोबर बसली, पण लॅपटॉपवर काहीच आलं नाही. अर्धा तास मी सॉफ्टवेअरमधलं प्रत्येक खातं उघडून पाहिलं. शेवटी सरांना फोन केला.

“केबल कोणती लावलीस?”

“नऊ पिनांची, सर.”

“अगं, ती दोनशे बत्तीसची आहे. पीएलसीचा पोर्ट चारशे पंच्याऐंशीचा. पिना मोजू नकोस. पोर्टच्या शेजारी काय छापलंय ते वाच.”

शेजारी बारीक अक्षरांत आरएस-४८५ छापलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

नवशिक्याला हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. सीरियल म्हणजे माहितीचे बिट एकामागून एक, एकाच वाटेने जाणं. वाट कशी आखायची याचे मात्र वेगवेगळे नियम आहेत. आरएस-२३२ हा नियम १९६० सालचा. त्यात पाठवायची तार वेगळी, ऐकायची वेगळी आणि दोघांना मिळून एक सामाईक ग्राउंड. तारेवर उणे व्होल्टेज असेल तर एक, अधिक असेल तर शून्य. ही पद्धत दोघांपुरती आणि जवळच्या अंतरासाठी, पंधरा मीटरच्या आसपास. आरएस-४८५ आला १९८३ साली. त्यात ग्राउंडच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं नसतं, एकमेकींना पिळलेल्या दोन तारांमधला फरक मोजायचा असतो. शेजारून जाणाऱ्या मोटारीच्या केबलने ढवळाढवळ केली तरी ती दोन्ही तारांवर जवळपास सारखीच होते आणि फरक तेवढाच राहतो. म्हणून ही जोडी बाराशे मीटरपर्यंत जाऊ शकते आणि एकाच जोडीवर बत्तीस साधनं बसू शकतात. नऊ पिनांचा पोर्ट मात्र दोन्हींना असू शकतो. सीमेन्सच्या जुन्या एस७-२०० पीएलसीचा नऊ पिनांचा पोर्टही आरएस-४८५चाच असतो, हे मला नंतर कळलं.

सरांनी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक यूएसबीचा कन्व्हर्टर ठेवला होता. तो काढला. आता तारा जोडायच्या. कन्व्हर्टरवर ए आणि बी लिहिलेलं, फ्लो मीटरवरही ए आणि बी, पीएलसीवर मात्र अधिक आणि उणे. ए म्हणजे अधिक की उणे? मूळ मानकाप्रमाणे ए ही उणे बाजू आहे. पण चिप बनवणाऱ्या अनेकांनी ए म्हणजे अधिक असं धरलं, आणि त्या चिपा वापरणाऱ्यांनीही तसंच छापलं. दोन्ही प्रकारची साधनं बाजारात आहेत, एकाच पॅनेलमध्येही असतात. हे मला माहीत नव्हतं. पीएलसीकडच्या तारा उलट्या लागल्या असणार असं वाटून मी त्या अदलून टाकल्या.

स्क्रीनवर काहीच बदललं नाही. फ्लो ४.२, पीएच ७.४, ड्राइव्हची गती ३८ हर्ट्झ. तारा अदलल्याने काही फायदा नाही, पण काही बिघडलंही नाही, असं म्हणून मी पुढे गेले. प्रत्यक्षात मी अख्खी लाइन तोडली होती. त्याच दोन तारांवरचे पीएच मीटर आणि पंपाचा वेग ठरवणारा ड्राइव्ह तोपर्यंत नीट बोलत होते, ते दोघेही माझ्यामुळे गप्प झाले. ते मला कळलं नाही, कारण त्यांचेही शेवटचे आकडे तसेच गोठून राहिले. तारा अदलताना चालू असलेला पंप नंतर बंद झाला, तरी गती ३८ कशी, एवढा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. बिघाडावर बिघाड चढत होता आणि स्क्रीन सकाळपेक्षा वेगळी दिसत नव्हती. त्या दिवसात सगळ्यात वाईट काय होतं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन.

तासाभराने पीएलसीवरच्या दोन बारीक दिव्यांकडे लक्ष गेलं. पाठवल्याचा दिवा लुकलुकत होता, आल्याचा दिवा पूर्ण विझलेला. सकाळी आल्याआल्या काढलेले फोटो उघडून पाहिले, त्यात दोन्ही लागलेले होते. तारा पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. आल्याचा दिवा परत लुकलुकू लागला. ए आणि बी अदलले तर काही जळत नाही, हे या सगळ्यातलं नशीब.

दुपारी काकांनी डबा खायला बोलावलं. भाकरी, मेथी आणि लसणाची चटणी. “मीटर बरोबर दाखवतोय ना? मग तोच लिहून काढतो मी आजपासून,” ते म्हणाले. मी मान हलवली. 

जेवणानंतर मी कन्व्हर्टर लाइनवर नुसता ऐकायला बसवला. लॅपटॉपवर आकड्यांच्या रांगा सरकू लागल्या आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी पाहतोय.

ही साधनं मॉडबस नावाच्या भाषेत बोलतात. मॉडिकॉन या कंपनीने १९७९ साली ती आपल्या पीएलसींसाठी तयार केली. माझ्या बाबांनी नोकरी धरली त्याच्याही आधीची ही भाषा आज बदलापूरच्या शेडमधल्या पॅनेलमध्ये रोज बोलली जाते. मला ती शाळेतल्या हजेरीसारखी वाटते. बाई एक नंबर पुकारतात, त्याच नंबराच्या मुलाने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. नंबर एकपासून दोनशे सत्तेचाळीसपर्यंत कुठलाही देता येतो. पीएलसी म्हणजे बाई. फ्लो मीटरचा नंबर एक, पीएच मीटरचा दोन, ड्राइव्हचा तीन. पीएलसी पाठवत होता: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. म्हणजे एक नंबरच्या साधना, तुझ्या शून्याव्या रजिस्टरपासून दोन रजिस्टरं वाचून दाखव. रजिस्टर म्हणजे इथे काकांची वही नव्हे, साधनातली आकडा ठेवायची जागा. शेवटचे दोन बाइट सीआरसीचे. आधीच्या सगळ्या बाइटांवरून काढलेली ती पडताळणीची बेरीज समजा. एक बिट जरी वाटेत बदलला तरी ती जुळत नाही आणि ऐकणारा तो निरोप टाकून देतो.

उत्तरं विचित्र येत होती. कधी बाइटांचा नुसता गोंधळ, ज्याची पडताळणी जुळत नव्हती. मधूनच एक स्वच्छ, छोटं उत्तर: ०१ ८३ ०२. याचा अर्थ मी पुस्तकातून शोधला: मागितलेला रजिस्टरचा पत्ता माझ्याकडे नाही.

मला वाटलं, सापडलं. पत्ताच चुकलाय. मॉडबसमध्ये पत्त्यांचा घोळ ठरलेला आहे. मीटरच्या पुस्तिकेत ४०००१ असं लिहिलेलं असतं आणि तारेवरून मागायचा असतो शून्य. काही पीएलसी हा एकाचा फरक आपणहून काढतात, काही काढत नाहीत. मी शून्याचा एक केला, एकाचा दोन केला. तेच उत्तर. मग मीटरची पुस्तिका पुन्हा वाचली, पत्ता शून्यच होता. मग बोलण्याचा वेग पाहिला, दोन्हीकडे सेकंदाला ९६०० बिट होता. मग पॅरिटीवर, म्हणजे प्रत्येक बाइटमागे चूक पकडायला लावलेल्या जादा बिटवर, आले. मॉडबसच्या नियमाप्रमाणे सम पॅरिटी असायला हवी, पीएलसीत ‘नाही’ असं भरलेलं होतं. पुस्तकात आहे ते बरोबर असणार, म्हणून मी सम केली. दिवा पुन्हा विझला, म्हणून ती परत ‘नाही’ केली. बाजारात येणारी बरीच साधनं ९६०० आणि विनापॅरिटी अशीच ठेवलेली असतात, आणि लाइनवरच्या सगळ्यांचं ते एकच असावं लागतं. हे मला समजायला हवं होतं, पण तेव्हा मी नुसती बदलत सुटले होते. काय बदललं ते कागदावर लिहूनही ठेवत नव्हते.

चार वाजता सरांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “लाइन सोड. मीटरला एकट्याला गाठ.”

मीटरच्या तारा लाइनवरून काढल्या, लॅपटॉप थेट त्याला जोडला आणि तेच वाक्य पाठवलं. उत्तर लगेच आलं, पूर्ण, पडताळणी जुळणारं. काकांना पंप चालू करायला सांगितला. मीटरच्या काचेत ४.२ आलं. लॅपटॉपवर आला दोनाने सुरू होणारा चोवीस आकडी राक्षस. घाबरून मी पुन्हा वाचलं, पुन्हा तेवढाच. दशांश आकडा दोन रजिस्टरांत विभागून येतो आणि कुठलं रजिस्टर आधी ठेवायचं यावर बनवणाऱ्यांचं एकमत नाही. ४.२ हा आकडा सोळाच्या पायात ४०८६ आणि ६६६६ असा बसतो. दोन तुकडे उलटे ठेवले की २.७ गुणिले दहाचा तेविसावा घात होतो. लॅपटॉपमधला क्रम फिरवला आणि समोर ४.२ आलं. खरंखुरं. काकांनी पंप बंद केला आणि ते घसरत ०.० वर आलं. आकडा हललेला पाहून इतका आनंद होऊ शकतो, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

मीटर चांगला, पीएलसी चांगला, मग दोष लाइनमध्ये. वीज बंद करून दोन तारांमधला रोध मोजला, १२० ओहम भरला. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असेल तर मल्टिमीटरला ६० दिसायला हवेत, कारण दोन्ही समांतर पडतात. म्हणजे एका टोकाचा राहून गेला होता. बॅगेत एक सुटा मिळाला, तो बसवला, ६० झाले. उत्साहाने वीज दिली. पुन्हा तोच गोंधळ, आणि मधूनच ०१ ८३ ०२.

साडेपाच वाजले होते. मी काकांच्या खुर्चीवर बसले. टेबलावर त्यांचं रजिस्टर उघडंच होतं. सकाळी मी फक्त आकड्यांचा रकाना पाहिला होता. आता नजर शेवटच्या रकान्याकडे गेली. शेरा. बहुतेक ओळी कोऱ्या. कुठे ‘चुना टाकला’, कुठे ‘ब्लोअर बेल्ट बदलला’. चार दिवसांपूर्वी, दुपारी साडेबाराच्या ओळीत, निळ्या पेनाने: ‘वायरमनने नवा लाइट मीटर लावला’. त्याच्या आधीच्या ओळीत फ्लो ३.९, त्याच्याही आधी ४.५, ४.०. एक वाजल्यापासून ४.२, आणि पुढे सगळीकडे ४.२.

“काका, हा मीटर कुठे आहे?”

“त्याच पॅनेलात की. खाली, दाराच्या मागे.”

तो खालच्या रेलवर होता, चॅनेलच्या आड. बाहेरून बोलावलेल्या वायरमनने युनिटं मोजायला एनर्जी मीटर बसवला होता, आणि पुढेमागे स्क्रीनवर युनिटंही दिसावीत म्हणून त्याच्या दोन तारा याच लाइनवर आणून जोडल्या होत्या. जोडणी नीट होती. तारांवर फेरूल होते, स्क्रू घट्ट होते. फक्त एक गोष्ट राहिली होती. मीटर कारखान्यातून जो नंबर घेऊन आला होता, तोच त्याच्याकडे होता. बटणं दाबत मेनूत गेले. आयडी: १.

वर्गात एक नंबरचे दोघे बसले होते. पीएलसी ‘एक’ म्हणाला की दोघेही बोलायचे. एनर्जी मीटरला शून्यावं रजिस्टर ठाऊक नव्हतं, म्हणून तो ‘असा पत्ता माझ्याकडे नाही’ म्हणायचा. फ्लो मीटर त्याच वेळी आपला प्रवाह सांगू लागायचा. दोघांचे शब्द तारेवर एकमेकांत मिसळायचे, पडताळणी जुळायची नाही, पीएलसी ते टाकून द्यायचा. कधी एनर्जी मीटरचं बोलणं आधीच पुरं झालेलं असायचं, तेव्हा मला ते स्वच्छ ०१ ८३ ०२ दिसायचं. दुपारभर मी फ्लो मीटरचा पत्ता सुधारत बसले होते आणि ते उत्तर फ्लो मीटरचं नव्हतंच.

एनर्जी मीटरचा नंबर चार केला.  पीएलसीतला पत्ता शून्यावर आणला. स्क्रीनवर फ्लो ०.०, गती ०, पीएच ७.१. काका माझ्या मागेच उभे होते. त्यांनी न सांगता पंप चालू केला. आकडा चढत गेला: १.३, ३.६, ४.१, ४.३, ४.२, ४.३. तो हलत होता.

काम संपलं असं काकांना वाटलं, मला वाटेना. दोन साधनांचा नंबर एक झाला हा छोटा दोष. चार दिवस तो कुणाला कळला नाही हा मोठा दोष, आणि तो वायरमनचा नव्हता. पॅनेल आमच्याच वर्कशॉपने बनवलेलं होतं. बोलणं तुटलं तर काय करायचं, हे आमच्या प्रोग्रॅममध्ये कुणी लिहिलंच नव्हतं. उत्तर आलं तर आकडा बदल, एवढंच लिहिलेलं. उत्तर आलं नाही तर? तिथे कोरं. आणि कोरं सोडलं की जुना आकडा तसाच उभा राहतो, खऱ्या आकड्याच्याच रंगात, त्याच जागी, तितक्याच ठळक अक्षरांत. इथे तो ४.२ वर गोठला, म्हणून पंप बंद केल्यावर काकांना संशय तरी आला. शून्यावर गोठला असता तर कारखान्यातून पाणी जातच नाही असं महिनाभर लिहिलं गेलं असतं.

मी सरांना फोनवर हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “घाल मग. मी थांबतो फोनवर.” त्यांच्या सांगण्याबरहुकूम मी प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या. पाच सेकंदांत एखाद्या साधनाचं धड उत्तर आलं नाही, तर त्याच्या आकड्याच्या जागी रेघा दाखवायच्या आणि पॅनेलवरचा लाल दिवा लावायचा. आकडा जपून ठेवणाऱ्या जागेतून साध्या जागेत हलवला, म्हणजे वीज जाऊन आल्यावर जुनं काही परत येणार नाही. ९६०० च्या वेगाने एक बाइट जायला साधारण एक मिलीसेकंद लागतो, प्रश्न आणि उत्तर मिळून वीस-पंचवीस मिलीसेकंद. त्या हिशेबाने पाच सेकंद म्हणजे पुष्कळ वेळ. तपासायला मी फ्लो मीटरची तार काढली. पाच सेकंदांनी रेघा आल्या, दिवा लागला. काका म्हणाले, “आता हे आम्हाला कळतं.”

राहिला चार दिवसांचा हिशेब. रजिस्टरप्रमाणे दर तासाला ४.२ धरलं तर ९६ तासांचे सुमारे ४०३ घनमीटर होतात. फ्लो मीटर मात्र पहिल्यापासून स्वतःच्या पोटात एकूण प्रवाह मोजत होता. तारेवरचं बोलणं बंद पडलं तरी त्याचं मोजणं बंद पडत नाही. एकूण आकडा काकांनी दर सोमवारी मीटरवर जाऊन टिपलेला होता, आणि नशिबाने बिघाड सुरू झाला तोही सोमवारच. आत्ताच्या आकड्यातून तो वजा केला. १७१ घनमीटर. पंप रोज साधारण दहा तास चालतो, म्हणजे हिशेब बसला. काकांनी त्या पानांवर तिरकी रेघ मारली, खाली खरा एकूण आकडा लिहिला, कारण लिहिलं आणि सही केली. मला शेजारी सही करायला सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा मी कारखान्याच्या कागदावर सही केली.

पावणेआठला बाहेर पडले. पाऊस भुरभुरत होता. स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला आले, गावाकडच्या शेअर रिक्षात बसले आणि घरी जाऊन आजीला सगळं सांगितलं. तिला मॉडबस कळलं नाही, पण रजिस्टरातला शेरा वाचल्यावर दोष सापडला हे तिला फार पटलं. ती दोनदा म्हणाली, “लिहून ठेवलं होतं म्हणून.”

त्यानंतर मी बऱ्याच साइट पाहिल्या. आता पोहोचल्यावर लॅपटॉप काढायच्या आधी तीन गोष्टी करते. तिथे रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारते की हे कधीपासून होतंय आणि त्याच्या आसपास काय नवं लागलं, काय बदललं. आल्या-गेल्याच्या दोन दिव्यांकडे बघते. मी स्वतः जे काही बदलेन ते वेळ घालून वहीत लिहिते, एका वेळी एकच. पॅरिटी, ए-बी, पत्ता, रजिस्टरांचा क्रम हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण ते नंतर येतं.

त्या पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला. १ फ्लो मीटर, २ पीएच, ३ ड्राइव्ह, ४ एनर्जी मीटर. वेग ९६००, पॅरिटी नाही. खाली तारीख आणि पाच रिकाम्या ओळी. पॅनेलात नवं साधन जोडणाऱ्या सगळ्या वायरमन आणि टेक्निशियन मित्रांना माझी विनंती आहे: तार आवळण्याआधी त्या साधनाचा नंबर बघा, आधीच्या कुणाचा तोच नाही ना याची खात्री करा, आणि दाराच्या आत लिहून ठेवा. दाराच्या आत असा कागद नसेल, तर तुम्ही पहिला लावा.